भिंतीवरचे कीर्तन



सज्जनहो, वारकरी बंधुभगिनींनो, एरवी या पानावर आपण संतांचा एखादा अभंग घेतो, त्याची पदे सोडवितो आणि शेवटी नामाकडे येतो. या खेपेस माझ्यापुढे अभंग नाही, भिंत आहे. आज निरूपण करावयाचे ते भिंतीचे.

भिंत हा वारकऱ्याला काही परका विषय नव्हे. आळंदीस गेलेला माणूस समाधीचे दर्शन झाले की 'ती भिंत कुठं आहे हो?' असे विचारतोच. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक हाती घेऊन आले आणि निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानदेव व मुक्ताबाई ही चार भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच त्यांना सामोरी गेली. ही कथा मी आजवर किती वेळा सांगितली याची गणती नाही. परंतु एक गोष्ट फार उशिरा, साठी उलटल्यावर माझ्या ध्यानी आली. ही चालणारी भिंत मी आधी ऐकली नव्हती. आधी पाहिली होती. आणि पाहिली होती तीही एका भिंतीवरच!

आमचे गाव खालापूर तालुक्यात. विठ्ठल-रखुमाईचे देऊळ लहानसे, वर कौले, सभामंडपाच्या भिंती मातीच्या, त्यांना चुन्याची सफेदी. मी सहा-सात वर्षांचा असेन. भाताची झोडणी आटोपली होती. अशात गावात एक पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगविणे हा त्याचा धंदा. गावकऱ्यांनी त्याला देवळाची उजवीकडची भिंत दिली. पंधरा दिवस तो देवळातच निजला. जेवण घरोघरी पाळीने, मजुरी काही रोख आणि काही भात. आम्ही पोरे शाळा सुटली की त्याच्यामागे जाऊन बसत असू. तो कोणाला 'जा' म्हणाला नाही. कधी डबा धरायला सांगे, कधी ब्रश धुवायला.

त्याने चार चित्रे काढली. पहिले पुंडलिकाचे, दुसरे गोरोबाकाकांचे, तिसरे चालत्या भिंतीचे आणि चौथे जनाबाईचे. जनी जाते ओढते आहे आणि खुंट्याला पलीकडून विठोबाने हात लावला आहे. चांगदेवांच्या वाघाचे तोंड मांजरासारखे झाले होते. विठोबाला मुकुट नव्हता. आमच्याकडचा शेतकरी बांधतो तसे मुंडासे होते. काम संपले आणि तो माणूस निघून गेला. त्याने कोपऱ्यात नाव घातले नाही आणि आम्ही विचारले नाही.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. तिने पोथी हाती धरली नाही, पण ती भिंत तिने आयुष्यभर वाचली. घरी पहाटे दळायला बसली की जात्याच्या समोरची जागा ती मोकळी ठेवी. मी कधी तिथे सूप ठेवले तर म्हणे, "तिथून उचल रे. ती जागा त्याची आहे." जनाबाईचे अभंग तिने ऐकले होते हे खरे, परंतु ती जागा कोठे असते, किती अंतरावर असते, हे तिला त्या पेंटरने दाखविले होते.

पुढे मी पाठशाळेत व्याकरण शिकलो. तेथे पतंजलींच्या महाभाष्यात एक मोठा गोड विचार भेटला. प्रश्न असा की, कंसाचा वध तर केव्हाच होऊन गेला; मग आज कोणी ती कथा दाखवितो त्याला 'हा कंसाला मारवितो' असे वर्तमानकाळात कसे म्हणावे? भाष्यकार उत्तर देतात की, सोंग घेऊन दाखविणारे ते समक्षच करून दाखवितात. चित्रांतही उगारलेले आणि पडणारे प्रहार दिसतात, कंसाला ओढलेले दिसते. आणि कथा सांगणारे ग्रंथिक तर शब्दांनीच ते सर्व श्रोत्यांच्या बुद्धीत उभे करितात. पाहा बरे! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वैयाकरणाने चित्रकाराला आणि कथेकऱ्याला एका पंक्तीस बसविले आहे. दोघांचे काम एकच. होऊन गेलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ देणे. आईच्या जात्यासमोरची ती जागा म्हणजे हाच वर्तमानकाळ होय.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र म्हणून भाग आहे. वज्र राजा मार्कंडेयांना मूर्ती कशी घडवावी ते विचारतो. ऋषी म्हणतात, चित्र कळल्यावाचून मूर्ती कळावयाची नाही. चित्र शिकव म्हणावे तर आधी नृत्य कळले पाहिजे, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गाणे. म्हणजे ही वाट उलट चालत गेले की शेवटी गाण्यापाशीच येते. आपण टाळ-मृदंग घेऊन गातो, पावली घेतो, नाचतो. आणि पाठीमागच्या भिंतीवर तीच गोष्ट रंगात असते. ती आपल्या कीर्तनाचीच एक टाळकरी आहे. ती मुकी आहे म्हणून आपण तिला धरकऱ्यांत मोजीत नाही, इतकेच.

येथे कोणी वेदान्ती म्हणेल, "बुवा, चित्र म्हणजे माया. भिंत सत्य, रंग मिथ्या. मायेचे एवढे कौतुक कशाला?" तर त्याचेही उत्तर शास्त्रातच आहे. विद्यारण्यस्वामींनी पंचदशीतील चित्रदीप प्रकरणाचा आरंभच चित्राने केला आहे. कापड आधी धुतलेले स्वच्छ असते, मग त्याला खळ देतात, मग रेघांनी आकार काढतात आणि शेवटी रंग भरतात. या चार अवस्थांवरून त्यांनी शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट हे परमात्म्याचे चार प्रकार समजाविले. आणखी ते म्हणतात की, चित्रातल्या माणसांच्या अंगावर कपडे रंगविलेले असतात, पण ज्या कापडावर हे सर्व आहे ते खरे कापड एकच. आता सांगा, ज्याने चित्र कधी निरखून पाहिलेच नाही त्याला हा दृष्टान्त कसा उमगावा? वेदान्त समजण्यासाठीही चित्रापुढे दोन घटका उभे राहावे लागते. आणि आपला पांडुरंग तर सगुण होऊन विटेवर उभाच आहे. त्याने 'मला डोळ्यांनी पाहू नका' असे कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

असो. शास्त्र झाले, आता जरा आपल्या मुलखात फिरून येऊ.

कर्जताहून कोंडिवडे गावाकडून वर गेले की राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. ती बौद्ध भिक्षूंची. चैत्याच्या दर्शनी भागावर नाचणारी जोडपी कोरलेली आहेत. तेथे एका मोठ्या मूर्तीचा थोडासाच भाग आता शिल्लक आहे, आणि तिच्याजवळ ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ असा की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. कण्ह म्हणजे कान्हा, कृष्ण! कारागिराने आपले नाव लिहिले, पण आधी गुरूचे लिहिले. मूर्ती भंगली, पण गुरुशिष्यांची नावे राहिली. मी तेथे गेलो तेव्हा आमच्या देवळातला तो पेंटर आठवला. त्याचाही कोणी गुरू असेल. बलकाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, आणि ज्याच्या पंक्तीला आम्ही प्रत्यक्ष बसून जेवलो त्याचे नाव एका पिढीतच पुसले गेले. हा दोष त्याचा नव्हे.

चित्राला राजवाडाच लागतो असेही नाही. अजिंठ्याची चित्रे जगाने वाखाणली, पण त्यांच्याखालचा लेप पाहा. माती, गवताचे तंतू, साळीचा तूस, वरून चुन्याचा पातळ हात. आपल्या आज्या-पणज्या भिंत लिंपीत आल्या ती याच तऱ्हेने. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात रंगीत भिंती आहेत. तळकोकणात आणि गोव्यात देवळांवर कावीचे काम असते. चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो लोखंडी हत्याराने नेमका खरवडावयाचा, म्हणजे खालचे पांढरे वर येऊन वेल, मोर, देव उमटतात. किती सोपा परमार्थ आहे हा! रंग बाहेरून आणावयाचा नाही, वरचे लाल तेवढे काढून टाकावयाचे. खालचे शुभ्र तेथे आधीपासून आहेच.

डहाणूकडे वारल्यांच्या घरी लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहितात. गेरूने किंवा शेणामातीने सारविलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली काडी. सवाशिणी तो लिहितात, मध्ये पालघाट देवी बसविते, आणि चौक झाल्यावाचून लग्न लागत नाही. त्याच मुलखातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही बायकांच्या हातची विद्या उचलली आणि जगभर नेली. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले होते आणि धुळीत चित्रे काढून ते मनातले सांगत, असे म्हणतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आज आपल्या कर्जत-खालापुरातल्या शाळांच्या भिंतींवरही ते तारप्याभोवतीचे नाचाचे वेटोळे दिसते. मुले त्याच्या खालून रोज धावत जातात. मास्तरांपैकी कितीजण त्यांना सांगतात, की हे वेटोळे कोणी व का काढले?

कर्जताहून खोपोलीच्या गाडीत बसावे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, अशी लहान स्थानके येतात. वाटेत गावांच्या भिंती दिसतात. एखाद्या भिंतीवर फळे-फुले, एखाद्यावर शिवराय, एखाद्यावर झाड लावणारी मुलगी. ऑक्टोबर २०१६ मध्ये तर मुंबईच्या उपनगरी मार्गावरील कित्येक स्थानकांच्या भिंती स्वयंसेवकांनी हाताने रंगविल्या. ज्या ठिकाणी माणूस धक्क्याबुक्क्यांत असतो तेथे कोणीतरी त्याच्यासाठी एक मोर काढून ठेवला. त्या मोराकडे आपण कितीदा पाहिले? आपल्याला वाटते, दर्शन पंढरपुरीच. अहो, पंढरीला वर्षातून दोनदा जातो, मधले सगळे दिवस या भिंतींजवळूनच जावे लागते ना?

आता माझ्या अपराधाचे सांगतो. ते सांगण्यासाठीच हे लिहावयास बसलो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मंडळी माझ्याकडे आली. कौले काढून स्लॅब टाकायची, आतून खांद्याइतक्या उंचीपर्यंत गुळगुळीत फरशा बसवायच्या, वर ऑइलपेंट. एक तरुण म्हणाला, "बुवा, त्या जुन्या चित्रांचं काय? पोपडे आलेत." मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, "वाघ मांजरासारखाच आहे. काढून टाका, स्वच्छ होईल." व्याकरण शिकलेला, चित्रसूत्र वाचलेला मी, तेच वाक्य माझ्या तोंडून गेले. कोणी सक्ती केली नव्हती. दोन दिवसांत भिंत खरवडून साफ झाली.

पुढल्या एकादशीस नव्या देवळात माझे कीर्तन होते. जनाबाईचे चरित्र चालले होते. जात्याच्या प्रसंगाशी आलो आणि तीस वर्षांच्या सवयीने उजवा हात वर करून म्हणालो, "ते पाहा, तो पलीकडून हात लावतो आहे!" सगळ्या मंडळींनी माना वळविल्या. तेथे फरशा होत्या आणि त्यांत ट्यूबलाइट चमकत होती. मृदंग थांबला नव्हता, टाळ थांबले नव्हते, पण मी थांबलो. मला पुढचे वाक्य सुचेना.

कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी काठी टेकीत आली. आईच्या बरोबरीची, दर सोमवारी त्या भिंतीला हात लावून घरी जाणारी. म्हणाली, "बुवा, आमची जनी कुठं हो गेली?" मी काय सांगणार? 'मी घालविली' एवढेच उत्तर होते. ते मी तिला दिले. ती रागावली नाही. फरशीवर हात फिरवून म्हणाली, "गार लागतंय."

सज्जनहो, मनाने लगेच पळवाट काढली. म्हटले, जगात टिकते काय? वारली सवाशिणींचा चौकही पुढच्या सारवणात जातोच. मग एक भिंत पुसली म्हणून एवढे दुःख कशाला? परंतु थोडा विचार केल्यावर ही पळवाट बंद झाली. त्या सवाशिणी भिंत सारवितात तेव्हा पुढच्या लग्नात चौक लिहिणारे हात त्या घरात तयार असतात. आईचे पाहून लेक शिकलेली असते. पुसणे आणि लिहिणे हा तेथे एकच श्वास आहे, बाहेर जाणारा व आत येणारा. आम्ही मात्र पुसले आणि वर अशी फरशी बसविली की तिच्यावर पुन्हा कोणालाही काही लिहिता येऊ नये. चित्र जाणे हा काळाचा धर्म आहे. पुन्हा काढणाऱ्याची आठवणच न राहणे, हा आमचा प्रमाद.

आणखी एक पाहा. मुंबई-ठाण्याकडच्या इमारतींत जिन्याच्या कोपऱ्यांत देवांची चित्रे असलेल्या फरशा लावितात. कशासाठी? लोकांनी पान खाऊन थुंकू नये म्हणून! म्हणजे जेथे देवाकडे प्रेमाने पाहावयाचे तेथे चित्र पुसले, आणि जेथे पाहणारा कोणी नाही तेथे देवाला रखवालदार नेमले. तसेच ग्रामपंचायतीच्या भिंतीचे. संत गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, तेव्हापासून कित्येक गावांत बाबांचे चित्र आले. हाती खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र. १९५६ साली बाबा गेले, पण भिंतीवर ते अजून झाडायला उभे आहेत. आणि कोठे कोठे त्यांच्या पायाशीच उकिरडा असतो. चित्र आपले काम करीत आहे. पाहणारा आपले काम करीत नाही.

मग पाहावे कसे? चित्रसूत्रात म्हटले आहे की, आचार्य रेषेची वाखाणणी करितात, जाणते छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकरण आवडते आणि इतरांना रंगांची समृद्धी. तात्पर्य, ज्याचा जसा अधिकार तसे त्याला चित्र फळते. रिकामे कोणी परतत नाही. म्हणून 'मला काय कळते त्यातले' असे कोणी म्हणू नये. पाहण्याआधी थांबावे. मग कोणी काढले ते विचारावे. विचारताना लाजू नये. काढणारा बहुधा जवळच असतो, शाळेतला शिक्षक, गावातला पेंटर, पाड्यावरची मुलगी. त्याचे नाव घ्यावे. आपण अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा आदराने म्हणतो. भिंतीच्या कोपऱ्यातले नाव हीही मुद्राच आहे.

आणि राखावे. देवळांच्या मंडळींना हात जोडून सांगणे आहे की, जुनी रंगीत भिंत असेल तर आधी छपराची गळती थांबवा, कारण भिंतीचा पहिला वैरी पाणी. माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट किंवा ऑइलपेंट चढविला की आतली ओल आतच कोंडते आणि पोपडे सुटतात. उदबत्ती, कापूर, समई चित्रापासून दूर ठेवा, काजळी धरते. ओल्या फडक्याने पुसू नका. काढून टाकण्यावाचून गत्यंतरच नसेल तर आधी दिवसाउजेडी छायाचित्रे घ्या आणि ती गावात ठेवा. मी एवढेही केले नाही.

दिंडीकऱ्यांनाही एक विनंती. कार्तिकीला आपल्या भागातून बोरघाट चढून आळंदीस पायी जाणाऱ्या दिंड्या असतात. मुक्काम शाळांत, देवळांत. रात्री पोहोचतो, दमलेले असतो, ओली धोतरे वाळत घालायची असतात. मग भिंतीत खिळा ठोकतो, दोरी बांधतो, तेलाचे डोके चित्राला टेकून बसतो. सकाळी उठून निघून जातो. त्या शाळेतल्या मुलांनी काढलेल्या झाडाच्या बुंध्यात आपला खिळा राहतो. माउली, झाडाला खिळा मारू नये हे आपण जाणतो. चित्रातल्या झाडालाही मारू नये.

माझे प्रायश्चित्त काय झाले, ते सांगून पुरे करतो. देवळाच्या बाहेरची, विहिरीकडची भिंत फरशीवाचून राहिली होती. शाळेतल्या शिक्षकांना विचारून ती मुलांना दिली. कातकरवाडीतल्या एका मुलीने जाते काढले. तिची जनी तिच्या आजीसारखी आहे, आखूड नेसलेली, हातात काळ्या बांगड्या. विठोबाचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला. मी तालमान शिकलेला माणूस, सांगण्यासाठी पुढे झालो, "बाळ, हा हात..." आणि एकाएकी त्या हाताकडे नीट पाहिले. जात्याच्या पलीकडून खुंट्यापर्यंत पोहोचायचे तर हात लांबच करावा लागेल ना? मी गप्प राहिलो. तिला नाव विचारले आणि खाली लिहायला लावले.

दुसऱ्या सोमवारी ती म्हातारी आली. चित्रापुढे उभी राहिली. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग भिंतीला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि काठी टेकीत घरी गेली.

ज्ञानोबारायांची भिंत एकदा चालली. बाकीच्या भिंती जागच्या जागी उभ्या आहेत. त्यांच्याकडे चालत जावयाचे ते आपण.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!